चाचांची नजर आणि साहेबाचा चष्मा

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही हो. बोटीच्या तळाला शेवाळ धरतं तसे ते आपले आपण धरतात, आणि अधूनमधून खरवडले नाहीत तर माणूस जड चालायला लागतो. म्हणून शुक्रवारी दुबईत मुलीकडे अल मनखूलला आलो की मी थोडे खरवडतो. जावई ऐकतो, त्याचे मित्र ऐकतात, नातवंडं ‘आजोबा, वी नो धिस वन!’ म्हणून आत पळतात. पळू देत. खोर फक्कानला मी राहिलोय तेव्हा तिथे क्रेन नव्हती, कंटेनर नव्हता, धड रस्तासुद्धा नव्हता! साठच्या दशकातली गोष्ट. शारजाहून लँडरोव्हर निघायची ती आधी वाळूतून, मग कोरड्या ओढ्यातून हाडं खिळखिळी करत दिवसभराने पोचायची. समुद्रकाठी खजुराच्या झावळ्यांची आमच्या कंपनीची शेड, पुढे नांगरलेली एक लाँच, आणि मराठी बोलणारी माणसं मोजून तीन.

एक मी. प्रधान. क्लार्क म्हणा, टायपिस्ट म्हणा, दुभाष्या म्हणा. पगार एकाचाच होता. दुसरा लतीफ, लाँचचा इंजिन ड्रायव्हर आणि आमचा स्वयंपाकीही. दाभोळचा. आणि तिसरे इब्राहिम सारंग, म्हणजे सारंगचाचा. लाँचचं सुकाणू त्यांच्या हातात. तेही दाभोळचेच. चार पिढ्या दर्यावर. दूर नांगरलेल्या स्टीमरवरून माल लाँचमध्ये घ्यायचा आणि किनाऱ्याला आणायचा, हे आमचं काम.

मध्ये कुणी बोलू नका. मध्ये बोललं की मला पुढचं आठवत नाही आणि मग मी चिडतो.

* * *

चाचांचं पहिलं वाक्य मला अजून आठवतंय. मी लँडरोव्हरमधून उतरलो, दोन पावलं चाललो आणि वाळूत भडाभडा ओकलो. समुद्र अजून पन्नास पावलं लांब होता!

चाचा सुकाणूवरून ओरडले, “लतीफ, हेडऑफिसनं कोण पाठवलंन बघ. जमिनीवर बोट लागलेला माणूस मी पयल्यांदा बघतंय!”

पण रात्री त्यांनीच मला लिंबू-मीठ चाटवलं आणि म्हणाले, “मुन्शी, लाजू नको. दर्या सगळ्यांचं पोट एकदा तपासतो.” तेव्हापासून मी त्यांचा मुन्शी झालो तो कायमचा. माझं नाव शरद आहे हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

* * *

चाचांची नजर गेली आहे हे आम्हाला एका तांदळाच्या गोणीमुळे कळलं.

सकाळची वेळ. लाँचवर इंजिनाच्या झाकणाशी एक गोणी आडवी पडली होती. लतीफ रोज त्याच जागी झोपायचा. चाचा आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि गोणीला झाडायला लागले. “शरम नाय वाटत? दिवस कवढा वर आला! तुझा बाप पहाटे चारला उठायचा! ऊठ!”

लतीफ त्यांच्या मागे चहाचा मग घेऊन उभा. मी शेडच्या दारात. चाचांनी गोणीला पायाने ढोसलं. शेवटी लतीफ मागूनच हळू आवाजात म्हणाला, “उठलो चाचा.”

चाचा थांबले. आवाज पुढून यायच्या ऐवजी मागून आला होता. मग चाचा सुकाणूकडे जाता जाता म्हणाले, “बरं. या गोणीलापण सांग, उद्यापासून लवकर उठायचं.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस समोर आला तर सावली दिसायची, तीही उजेड असेल तर. मी म्हटलं, “चाचा, मुंबईला ऑपरेशन होतं.” ते म्हणाले, “होतं ना. आणि मंग गावात काय सांगणार? इब्राहिम सारंगाचा सुकाणू डोळ्यांमुळं काढून घेतला? माझ्या बापाच्या हातातनं कोणी काढला नाय, आज्याच्या हातातनं नाय. माझ्या हातातनंपण कोणी काढणार नाय. खलास!”

विषय तिथे संपला. चाचांचं सुकाणू वाचवायचं हे मी आणि लतीफने न बोलता ठरवलं.

* * *

त्यासाठी आम्ही पद्धत काढली. डोकं माझं, घसा लतीफचा.

लतीफ इंजिन सुरू करून नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकाला उभा राहायचा. समोर काही आलं की खोकायचा. एक खोकला म्हणजे डावीकडे घ्या. दोन म्हणजे उजवीकडे. तीन म्हणजे थांबा. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ दाढी खाजवत बसले आणि म्हणाले, “तुमची तशी मर्जी.”

चार महिने हे इतकं झकास चाललं की किनाऱ्यावरच्या एका अरब म्हाताऱ्याने लतीफला क्षयाचं औषध आणून दिलं!

फक्त एकदा घोळ झाला. दोन स्टीमर शेजारी शेजारी नांगरल्या होत्या आणि लतीफ नेमका इंजिनात डोकं खुपसून बसला होता. चाचांनी आमच्या ऑफिसची टपालाची पिशवी भलत्याच स्टीमरवर चढवली. ती गेली बसऱ्याला. आमचा महिन्याचा रिपोर्ट तिथल्या कुठल्यातरी एजंटाने वाचला आणि सभ्यपणे परत पाठवला. वर चिठ्ठी, ‘थँक यू. व्हेरी इंटरेस्टिंग.’

चाचा म्हणाले, “दोघींची इंजिनं एकाच सुरात घुरघुरत होती. यात माझी काय चूक?”

हेडऑफिसला मात्र ते इंटरेस्टिंग वाटलं नाही. पंधरा दिवसांत दुबईहून पत्र आलं. मॅनेजर साहेब गुरुवारी येत आहेत, सोबत मेमसाहेब. उत्तरेकडच्या काळ्या बेटांवर पक्षी बघायचे आहेत, पाण्यात डुंबून मासे बघायचे आहेत, लाँच तयार ठेवावी. आणि शेवटी एक ओळ: ‘त्या दिवशी सारंगाची दृष्टी तपासून त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं हे मी जागेवरच ठरवीन.’

मी ती ओळ चाचांना दोनदा वाचून दाखवली. ते म्हणाले, “येऊ दे. गुरुवार हाय ते बरं. शुक्रवार असता तर जुम्मा सोडून मी आलोच नसतो.”

* * *

मी असल्या बाबतीत गाफील राहणारा माणूस नाही. साहेब डोळे तपासणार म्हणजे अक्षरांचा तक्ता आणणार. दुबईच्या डॉक्टरकडे तसा तक्ता मी पाहिला होता आणि माझी स्मरणशक्ती म्हणजे, जाऊ द्या, स्वतःची स्तुती कशाला. मी मोठ्या कागदावर तो जसाच्या तसा काढला. चाचांना इंग्रजी अक्षर एक येत नव्हतं, पण पाठांतर पक्कं. एका संध्याकाळी आठही ओळी तोंडपाठ!

बुधवारी रंगीत तालीम. मी साहेब झालो. तक्ता बगलेत धरून आलो, म्हटलं, “गुड मॉर्निंग, सारंग.” चाचांनी छाती पुढे काढली आणि धडाधड आठ ओळी म्हणून टाकल्या. एक चूक नाही.

लतीफ म्हणाला, “चाचा, तक्ता अजून गुंडाळलेलाच हाय!”

“असंना का,” चाचा म्हणाले, “ज्याची नजर चांगली त्याला गुंडाळलेलापण दिसतो.”

आणि साहेबाने तक्ता आणलाच नाही. एवढी मेहनत वाया गेली माझी!

* * *

गुरुवारी उजाडता उजाडता निघालो. साहेब उंच, लालबुंद, नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. मेमसाहेब बारीक, गळ्यात दुर्बीण, हातात वही. बाई फार बोलत नसत, बघत असत. लाल चोचीचा, लांब शेपटीचा एक पांढरा समुद्रपक्षी त्यांना बघायचा होता. तीन वर्षं आखातात आहेत आणि एकदाही दिसला नाही, हे त्यांनी मला निघतानाच सांगितलं.

दीड तासाने बेटं आली. पाण्यातून सरळ वर आलेले दोन काळे सुळके, गवताची काडी नाही. साहेबाने खडकाकडे हात करून लेक्चर सुरू केलं. हा सगळा दगड एके काळी आग होता, समुद्राच्या तळातून उकळत वर आला, मग थंड झाला. मी शब्दन् शब्द मराठीत सांगत होतो.

लतीफ म्हणाला, “विचार त्यांना, आग होती तवा पाणी खय गेलेलं?”

मी विचारलं. साहेब म्हणाला, “गुड क्वेश्चन,” आणि चष्मा पुसायला लागला.

चाचांनी तेवढ्यात इंजिन बंद करायला सांगितलं. लाटा खडकावर चुबुक चुबुक करत होत्या. चाचांनी मान तिरकी केली, नाक वर केलं. मलाही तो वास आला, पक्ष्यांच्या शिटेचा, डोळे चुरचुरवणारा. चाचांनी दोन मिनिटांनी हात उचलला आणि डावीकडच्या सुळक्याच्या वरच्या कपारीकडे बोट केलं. “बाईंना सांग, तिकडं बघा. इथला नेहमीचा नाय हा. याचा आवाज पातळ हाय, शिट्टीवाणी.”

यातलं ‘तिकडं बघा’ एवढंच मी भाषांतर केलं. बाकीचं गिळलं.

मेमसाहेबांनी दुर्बीण लावली. आणि त्या कपारीतून तो निघाला हो! पांढराशुभ्र, चोच लालभडक, शेपटी वाऱ्यावर सोडलेल्या रिबिनीसारखी. आमच्या डोक्यावरून दोन घिरट्या घालून गेला. बाईंची वही खाली पडली. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “व्हॉट आईज द ओल्ड मॅन हॅज!”

मी लतीफकडे बघितलं. लतीफ आकाशाकडे बघत होता.

* * *

मग साहेबाने कपडे उतरवले. काळं रबरी भिंग तोंडावर चढवलं, दातांत वाकडी नळी, पायांत बदकाचे पंजे. त्या भिंगात चष्मा मावत नव्हता, म्हणून तो काढून इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि धप्पकन उडी मारली.

पंधरा मिनिटं तो लाँचभोवती फिरत होता. अधूनमधून नळीतून ‘हूँ! हूँ!’ असा आनंदाचा आवाज. मग डोकं वर काढून ओरडला, “कासव! प्रचंड कासव! तळाला बसलंय, जराही घाबरत नाही!”

मेमसाहेबांनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “डार्लिंग, तो आपला नांगर आहे.”

म्हणजे बघा! चष्म्याशिवाय साहेबाला स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि हा आला होता चाचांची नजर तपासायला!

पुढे माझी पाळी आली. साहेबाचा हट्ट, की यंग मॅनने बघितलंच पाहिजे. मला पोहता येत नाही हे मी तीन भाषांत सांगितलं. साहेबाने आपलं भिंग आणि नळी मला चढवली, लतीफने माझ्या कमरेला दोरी बांधली आणि बादली सोडतात तसं मला पाण्यात सोडलं. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. तोंडात नळी, त्यामुळे रामालाही काही कळलं नसणार.

मग डोळे उघडले.

काय सांगू तुम्हाला? वर सगळा तो काळा, करपलेला दगड, आणि त्याचाच पाण्याखालचा भाग फुललेला होता. जांभळा, पिवळा, हिरवा. त्यातून निळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, चोचीने दगड कुरतडणारे पोपटी मासे. त्यांची कुरतडण्याची करकर ऐकू येत होती! आणि एक कासव आलं. खरं कासव, नांगर नव्हे. माझ्या हाताच्या अंतरावर थांबलं, म्हाताऱ्या मास्तरसारखं माझ्याकडे बघितलं, आणि नापास करून निघून गेलं. मला इतका आनंद झाला की मी नळीसकट हसलो. अर्धा समुद्र पोटात गेला. वर ओढलं तेव्हा मी ओकत होतो आणि हसत होतो.

चाचांनी विचारलं, “काय दिसला?” मी सगळं सांगितलं, रंग न् रंग. सांगताना मध्येच मला कसंतरी झालं आणि मी थांबलो. चाचा म्हणाले, “थांबतोस कशाला? सांग ना. पिवळा म्हणजे कसा पिवळा? हळदीसारखा का लिंबासारखा?”

मी म्हटलं, “हळदीसारखा.” त्यांना ते पटलं.

* * *

आता त्या दिवसातला सगळ्यात वाईट पाव तास.

साहेबाला दोन बेटांमधल्या चिंचोळ्या फटीतून पलीकडे जायचं होतं. तिकडे पाणकावळ्यांचा थवा आहे म्हणे. फट कसली, लाँचच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा! पण नाही म्हटलं असतं तर नजर कमी म्हणून नाही म्हणतो, असं झालं असतं. चाचा म्हणाले, “यल्ला,” म्हणजे चला. लतीफ नाळेवर जाऊन उभा राहिला, घसा साफ करून.

लाँच फटीत शिरली. लतीफ एकदा खोकला. चाचांनी डावीकडे घेतली. बरोबर. लतीफ दोनदा खोकला. उजवीकडे. झकास.

आणि तेवढ्यात साहेब खोकायला लागला! पोहताना गिळलेलं खारं पाणी घशात आलं. एकदा, दोनदा, तीनदा, सातदा! चाचांनी सुकाणू डावीकडे टाकलं, उजवीकडे टाकलं, परत डावीकडे. लाँच पिसाळल्यासारखी हेलपाटायला लागली. लतीफ घाबरून खरे खोकले खोकू लागला. मला वाटलं आपणही मदत करावी, म्हणून मीही खोकलो. कोणता खोकला इंग्रजी आणि कोणता दाभोळचा, हे कसं ओळखायचं माणसाने? काळा कडा माझ्या नाकासमोर आला. हात लांब केला असता तर शेवाळ हाताला लागलं असतं. साहेबाने ओल्या तोंडावर अजून चढवला नव्हता तो झाकणावरचा चष्मा घरंगळला, कठड्यावर टकटक वाजला आणि पाण्यात गेला.

“गप!” चाचा गरजले. “सगळे गप! कोणी खोकायचं नाय!”

मेमसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “तो म्हणतोय, आवाजाने पक्षी उडतील.”

साहेबाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. लतीफ नाळेवर डोळे मिटून उभा. आणि त्या शांततेत चाचा नुसते ऐकत होते. डाव्या खडकावर लाट आपटायची तो आवाज, उजव्या खडकावरचा आवाज. सुकाणू इंचभर इकडे, इंचभर तिकडे. बाजूच्या लाकडाला साधा ओरखडाही आला नाही. आम्ही पलीकडे मोकळ्या पाण्यात पोचलो.

मी चाचांजवळ सरकून हळूच म्हटलं, “चाचा, खोकल्याशिवाय कसं काय जमलं?”

चाचा तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, “खोकल्याशिवायच जमतो, मुन्शी. तुमच्या खोकण्यात मना पाण्याचा आवाज येत नाय. चार महिने सोसतंय. पण तुमी दोघांनी एवढ्या हौसेनं काढलेलं, म्हटलं कशाला मोडा!”

* * *

दुपारी डबे उघडले. लतीफची सुरमई, मेमसाहेबांची काकडीची सँडविचेस. खाणं झाल्यावर साहेबाने हात पुसले आणि म्हणाला, “वेल. आता त्या दुसऱ्या कामाचं बघू.”

लतीफ भांडी घासत होता, त्याचा हात थांबला.

साहेबाने डोळे बारीक करून लांबवरच्या एका खडकाकडे बोट केलं आणि मला म्हणाला, “सारंगाला विचार, त्या खडकावर किती पक्षी बसलेत?”

मी विचारलं. चाचांनी त्या दिशेला तोंड केलं. वारा आमच्याकडून तिकडे होता, त्यामुळे ना वास ना आवाज. मला वाटलं संपलं. चार पिढ्यांचं सुकाणू इथे या खडकावर फुटणार.

चाचा शांतपणे म्हणाले, “साहेबांना म्हणा, आदब म्हणून आधी त्यांनी सांगावं. बरोबर का चूक ते मी सांगतंय.”

मी भाषांतर केलं. साहेब फसला. चष्म्याशिवाय दिसत नाही हे बायकोसमोर परत कशाला कबूल करायचं? तो टाचा उंचावून खडकाकडे बघत राहिला आणि ठासून म्हणाला, “फाइव्ह.”

“बरोबर,” चाचा म्हणाले.

मेमसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मी बाजूलाच होतो, आणि माझे डोळे तेव्हा तरी धडधाकट होते. त्या खडकावर एकही पक्षी नव्हता! चिटपाखरू नाही! बाईंनी दुर्बीण सावकाश खाली घेतली. एकदा नवऱ्याकडे बघितलं. एकदा चाचांच्या डोळ्यांकडे बघितलं, चांगलं निरखून. मग म्हणाल्या, “क्वाइट राइट. फाइव्ह.”

वहीत मात्र त्यांनी काही लिहिलं नाही.

* * *

परतीच्या वाटेवर साहेबाने मला कागद काढायला सांगितला आणि रिपोर्ट तोंडी सांगितला. सारंगाची दृष्टी: उत्तम. लाँचवरचा ताबा: असामान्य. आणखी दोन वर्षं कामावर ठेवायला हरकत नाही. मी झाकणावर कागद धरला आणि साहेबाने सही केली. आडनावाची शेवटची तीन अक्षरं कागदाबाहेर लाकडावर गेली, पण सही ती सही.

मी रिपोर्ट मोठ्याने मराठीत वाचला. दोनदा वाचला. लतीफने आनंदाने इंजिनाच्या झाकणावर अशी थाप मारली की साहेब दचकला. मी म्हटलं, “चाचा, पास! फर्स्ट क्लास पास! आता दोन वर्षं कुणाची बिशाद नाही!”

चाचांनी विचारलं, “सही झाली?”

“झाली.”

“शाई सुकली?”

मी बोट लावून बघितलं. “सुकली.”

“लतीफ,” चाचा म्हणाले, “हिकडं ये.”

लतीफ हात पुसत आला. चाचांनी त्याचं मनगट चाचपून धरलं, त्याचा पंजा सुकाणूवर ठेवला, वरून स्वतःच्या हाताने एकदा घट्ट दाबला, आणि आपला हात काढून घेतला.

“घे. आजपासून तुझा.”

लतीफ म्हणाला, “चाचा, असं काय करता? पास झालात ना तुमी!”

“म्हणून तर देतंय,” चाचा म्हणाले. “नापास झालो असतो तर मेलो असतो तरी सोडला नसता.”

लतीफ रडायला लागला. चाचांनी त्याला झापलं, “समोर बघ! समोर बघ गाढवा, डोळे पूस आदी! दिसणार कसं तुना?”

मग ते कठडा धरत धरत पुढे आले, मेमसाहेबांच्या शेजारच्या बाकावर बसले, पाय लांब केले आणि मला म्हणाले, “मुन्शी, मी आता पॅशिंजर. चाय आण.”

चहा नेहमी लतीफ करायचा. त्या दिवशी मी केला. साहेबाने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. चाचा दोन कप प्याले.